कोंबडीचा रंग ओळखताना: नावाआधी पीस पाहावे

कोंबडीच्या रंगाला नाव देण्याची घाई केली की ओळख चुकते, हे माझे या विषयातले सर्वांत ठाम मत आहे. दुरून पाहिलेला पक्षी करडा, चितकबरा किंवा सोनेरी वाटतो, आणि तो शब्द एकदा तोंडातून निघाला की पुढचे सगळे निरीक्षण त्या शब्दामागे फरफटत जाते. प्रत्यक्षात करडी दिसणारी कोंबडी अनेक वेगवेगळ्या कारणांनी करडी असू शकते, पांढरी कोंबडीही एकाहून अधिक कारणांनी पांढरी असते, आणि कारणे वेगळी असल्यामुळे त्यांची पिल्लेही वेगवेगळ्या रंगांची निघतात. म्हणून रंग ओळखायचा म्हणजे पक्ष्याच्या अंगावरचे थर एकेक करून सुटे करायचे: तळाशी कोणता रंग आहे, काळा रंग अंगाच्या कोणकोणत्या भागांत उतरला आहे, एका पिसावर तो कसा मांडला गेला आहे, आणि या सगळ्याला फिके करणारे किंवा पुसून टाकणारे काही त्यावर आहे का. या क्रमाने गेले की नाव बहुतेक वेळा सापडते. नाही सापडले, तरी तोवर पक्ष्याचे नेमके वर्णन हाती आलेले असते.

कोंबडीच्या पिसांत रंगद्रव्ये दोनच असतात आणि ती दोन्ही मेलॅनिनचीच रूपे आहेत. युमेलॅनिनमुळे काळा रंग येतो, तर फिओमेलॅनिनमुळे तांबड्यापासून सोनेरी-बदामीपर्यंतच्या सगळ्या छटा येतात. पाय आणि कातडी यांचा पिवळेपणा खाद्यातून मिळणाऱ्या कॅरोटिनॉइड द्रव्यांचा असतो, परंतु ती द्रव्ये कोंबडीची पिसे रंगवत नाहीत. काळ्या कोंबड्याच्या शेपटीवर चमकणारी मोरपंखी झाक तर रंगद्रव्याची नसतेच. पिसाच्या अतिसूक्ष्म तंतूंत मेलॅनिनचे कण आणि केराटिन यांचे थर ठरावीक अंतराने रचलेले असतात आणि त्यांवरून परतणाऱ्या प्रकाशामुळे ती दिसते. त्यामुळे तोच पक्षी सावलीत निव्वळ काळा आणि तिरप्या उन्हात हिरवा दिसतो, आणि दोन्ही वेळा रंग एकच असतो. कातडीचा रंगही या हिशेबातून बाजूला ठेवावा. सिल्की जातीत पिसे शुभ्र आणि कातडी काळी असू शकते. कडकनाथमध्ये कातडी, मांस आणि हाडांवरचे आवरणही गडद असते, परंतु पिसांत मात्र गडद काळा, पेन्सिल्ड (रेघांच्या नक्षीचा) आणि सोनेरी असे वेगवेगळे प्रकार आढळतात. कातडी काळी करणारे जनुक पिसांचा रंग ठरवत नाही.

आता तळाच्या रंगाकडे वळू. कळपात नजर कोंबड्यावर जाते, पण तळाचा रंग ओळखायचा असेल तर आधी कोंबडी पाहावी, असा माझा आग्रह असतो. त्याचे कारण असे की केशरी-तांबडी मान, गडद तांबडी पाठ, काळी छाती आणि हिरवट काळी शेपटी असलेला जो 'काळा-लाल' कोंबडा आपण सर्वत्र पाहतो, तो निदान तीन वेगवेगळ्या तळांवर जवळजवळ एकसारखाच घडतो. त्याच तळांवरच्या कोंबड्या मात्र एकमेकींपासून स्पष्टपणे वेगळ्या असतात. कोंबडीच्या सर्व पाळीव जातींचा मुख्य पूर्वज म्हणजे तांबडा रानकोंबडा, आणि त्याच्या रानटी तळावरच्या मादीची पाठ बारीक तपकिरी-काळ्या कणांनी भरलेली असते, तर छाती तांबूस-गुलाबी, म्हणजे ज्याला सॅमन म्हणतात त्या रंगाची असते. दुसऱ्या, तपकिरी तळावरच्या मादीत हा छातीचा वेगळेपणा नसतो. पाठीवरची तपकिरी नक्षी छातीवरही तशीच उतरते. तिसरा तळ व्हीटन. त्यावरची मादी नावाप्रमाणेच गव्हाळ असते, आणि तिची छाती व पोट मलईसारखे फिके असते. म्हणजे कोंबडीची छाती पाहिली की अर्धे काम होते. कोंबडाच तेवढा समोर असेल तर त्याच्या मानेची किंवा कमरेची पिसे बोटांनी बाजूला सारून मुळाशी असलेली लव पाहावी. व्हीटन तळावर ती पांढुरकी असते, इतर दोन तळांवर राखाडी.

या तळांचा कारभार एमसी१आर या एकाच जनुकाकडे आहे, आणि त्याच जनुकाचे आणखी दोन पर्याय काळ्या रंगाकडे झुकलेले आहेत. एक संपूर्ण काळ्याचा, आणि दुसरा बर्चन, ज्यात अंग काळे राहून मानेवर, आणि कोंबड्याच्या पाठीवरही, रुपेरी किंवा सोनेरी रंग उमटतो. बर्चन कोंबडा आणि काळा-लाल कोंबडा यांत गोंधळ होतो तेव्हा पंख मिटलेला असताना त्याच्या खालच्या टोकाशी पाहावे. रानटी, तपकिरी आणि व्हीटन तळांवरच्या कोंबड्यात तिथे दुय्यम उड्डाणपिसांच्या बाहेरच्या कडांमुळे तांबडा, सोनेरी किंवा पांढरा असा एक स्वच्छ त्रिकोण दिसतो. बर्चन कोंबड्यात तो त्रिकोण नसतो, पंख तिथे काळाच असतो. एवढ्या लहानशा जागेवरून इतका भरवशाचा निर्णय देणारी खूण पिसाऱ्यात दुसरी क्वचितच असेल, आणि तरीही बहुतेक छायाचित्रांत नेमकी तीच जागा सावलीत गेलेली असते.

एक दिवसाच्या पिल्लाची लव हाही तळाचा उत्तम पुरावा आहे, पण तो काही दिवसांतच हातचा जातो. रानटी तळाच्या पिल्लाच्या पाठीवर गडद तपकिरी पट्टे असतात आणि डोळ्यातून मागे जाणारी रेघ स्पष्ट असते. तपकिरी तळावर हे पट्टे आणि विशेषतः डोक्यावरच्या खुणा विस्कटलेल्या असतात. व्हीटन पिल्लू फिकट पिवळसर असते. संपूर्ण काळ्या जातीचे पिल्लू मात्र संपूर्ण काळे नसते. त्याचे पोट आणि पंखांची टोके पिवळसर पांढरी असतात, आणि पहिल्या पिसांतही पंखाच्या टोकाला थोडे पांढरे राहू शकते. ते पुढे जाते. केवळ एवढ्यावरून पिल्लाला संकर ठरवून बाजूला काढणे मला अन्यायाचे वाटते.

तळानंतर सोनेरी की रुपेरी हा प्रश्न येतो. फिओमेलॅनिन आपल्या मूळ तांबड्या-सोनेरी रूपात दिसत असेल तर पक्षी सोनेरी, आणि एका प्रभावी, म्हणजे एकच प्रत असली तरी परिणाम दाखवणाऱ्या, जनुकामुळे ते झाकले जाऊन पांढरे दिसत असेल तर रुपेरी. हे जनुक झेड गुणसूत्रावर असते. पक्ष्यांत नराकडे दोन झेड गुणसूत्रे असतात, तर मादीकडे एक झेड आणि एक डब्ल्यू. त्यामुळे कोंबडी एक तर सोनेरी असते किंवा रुपेरी. कोंबडा मात्र दोहोंच्या एकेक प्रतीचा असू शकतो, आणि तशा कोंबड्याच्या मानेवर व खांद्यांवर बहुधा पिवळट, पितळी झाक राहते. सोनेरी कोंबडा आणि रुपेरी कोंबडी यांची जोडी लावली की माद्या सोनेरी आणि नर रुपेरी निघतात, आणि याच आधारावर कित्येक संकर जातींत पहिल्याच दिवशी लवेच्या रंगावरून नर-मादी वेगळे करता येतात. एक बारकावा मात्र लक्षात ठेवावा लागतो: रुपेरी जनुक रानटी तळाच्या मादीची सॅमन छाती पुसत नाही. मान रुपेरी, पाठ करडी आणि छाती तांबूस अशी कोंबडी पाहून ती मिश्र रंगाची असावी असा अंदाज बांधला जातो, पण ती रुपेरी डकविंगची, म्हणजे रानटी तळावरच्या रुपेरी प्रकाराची, अगदी योग्य मादी असते.

काळा रंग अंगावर कुठवर पसरला आहे याचा विचार करताना कोलंबियन मांडणी ओळखून ठेवावी. तीत काळा रंग मान, पंख आणि शेपूट एवढ्यांतच कोंडला जातो आणि बाकीचे अंग मोकळे राहते. लाइट ससेक्स आणि लाइट ब्रह्मा हे तिचे रुपेरी नमुने. बफ, म्हणजे फिक्या सोनेरी-बदामी, रंगावर तीच मांडणी आली की बफ कोलंबियन. ऱ्होड आयलंड रेड पाहताना गडद तांबड्या रंगाने डोळे भरून जातात, पण तिची काळी शेपूट आणि पंखांतला काळा भाग नीट पाहिले तर मांडणी याच कुळातली आहे हे दिसते.

आता पिसाकडे येतो, आणि इथे मला थोडे रेंगाळायचे आहे, कारण माझ्या मते रंगांची खरी भाषा इथेच आहे. अंगावरचे एकच पीस, तेही शक्यतो छातीचे किंवा पाठीचे, पांढऱ्या कागदावर ठेवून पाहावे. कडेने सर्व बाजूंनी एकच काळी किनार आणि आत स्वच्छ रंग असेल तर तो लेस्ड. वायंडॉटचा सिल्व्हर लेस्ड आणि सीब्राइटचे सोनेरी व रुपेरी प्रकार हे त्याचे प्रसिद्ध नमुने आहेत. साडीच्या काठाप्रमाणे ही किनार पिसाभोवती सारख्या रुंदीची असावी अशी अपेक्षा असते. किनारीच्या आत, थोडे अंतर सोडून, तिच्याशी समांतर दुसरी काळी रेघ असेल तर ते दुहेरी लेसिंग; बार्नव्हेल्डरची कोंबडी आणि गडद कॉर्निश कोंबडी पाहावी. अशा समांतर रेघा तीन किंवा अधिक असतील, आणि प्रत्येक रेघ पिसाच्या आकाराचीच लहान आवृत्ती असल्यासारखी एकात एक बसलेली असेल, तर तो पेन्सिल्ड. पार्ट्रिज वायंडॉट आणि डार्क ब्रह्मा यांच्या कोंबड्यांवर ही नक्षी इतकी देखणी असते की मी ती तासन् तास पाहू शकतो.

लेस्ड, दुहेरी लेस्ड आणि पेन्सिल्ड हे तीन वेगवेगळे रंग म्हणून शिकण्यापेक्षा एकाच मूळ नक्षीची रूपांतरे म्हणून समजून घेणे अधिक उपयोगी आहे. पिसावर काळ्याची मांडणी करणारे एक 'पॅटर्न' जनुक आहे. तपकिरी तळावर ते एकटे असले तर अनेक समांतर रेघा उमटतात. त्याला मेलॅनोटिक नावाच्या, काळा वाढवणाऱ्या जनुकाची जोड मिळाली की दुहेरी लेसिंग होते, आणि त्यात कोलंबियन जनुकाची भर पडली की आतली रेघ जाऊन बाहेरची किनार तेवढी उरते. लेस्ड कोंबडीच्या पिसावर किनारीच्या आत पुसटशी दुसरी रेघ दिसली तर या घडणीत काहीतरी कमी पडले आहे, हे त्यावरून कळते. त्याच पॅटर्न जनुकाबरोबर 'डार्क ब्राऊन' हे जनुक आले की रेघा पिसाच्या आकाराने न वळता आडव्या होतात, आणि त्यात मेलॅनोटिकची भर पडली की सगळा काळा रंग पिसाच्या टोकाशी एका गोल ठिपक्यात गोळा होतो. हा ठिपका म्हणजे स्पँगल्ड, आणि हॅम्बर्ग जातीत तो सर्वांत स्वच्छ दिसतो. हॅम्बर्गच्याच दुसऱ्या प्रकाराला पेन्सिल्ड म्हणतात आणि त्याच्या पिसांवर आडवे पट्टे असतात. त्यामुळे वायंडॉटचे पेन्सिल्ड आणि हॅम्बर्गचे पेन्सिल्ड यांत नावापलीकडे साम्य शोधू नये.

स्पँगल्ड आणि मॉटल्ड यांची गल्लत फार होते, आणि ती टाळणे तितकेच सोपे आहे. स्पँगल्ड पिसाच्या टोकाशी काळा ठिपका असतो आणि बाकीचे पीस रुपेरी किंवा सोनेरी असते. मॉटल्ड पिसाचे टोक पांढरे असते. अँकोनाच्या काळ्या अंगावरचे पांढरे टिपके मॉटलिंगचे आहेत. तेच मॉटलिंग तांबड्या-सोनेरी पिसावर आले की तांबडा रंग, मग काळा पट्टा, मग टोकाला पांढरा ठिपका अशी तिरंगी रचना होते. मिल फ्लर आणि स्पेकल्ड ससेक्स हे त्याच घराण्यातले. मॉटलिंग अप्रभावी आहे, म्हणजे आई आणि बाप दोघांकडूनही त्याची प्रत यावी लागते, आणि दर झडीनंतर, म्हणजे जुनी पिसे गळून नवी आल्यावर, पांढरे वाढत जाते. त्यामुळे पहिल्या वर्षी मोजके टिपके असलेली कोंबडी काही वर्षांनी बरीच पांढरी झाली, तर तिचा प्रकार बदललेला नसतो, वय वाढलेले असते.

आडव्या पट्ट्यांचा दुसरा आणि अधिक परिचित प्रकार म्हणजे बार्ड. बार्ड प्लायमाउथ रॉकच्या पिसावर काळे आणि पांढरे पट्टे आलटून पालटून असतात. पीस मुळाशी वाढत असताना रंग पुरवणाऱ्या पेशी काही काळ काम करतात, मग संपतात, मग नव्या पेशी त्यांची जागा घेतात. पिसाच्या लांबीवर हा चढउतार पट्ट्यांच्या रूपाने नोंदला जातो. पिसे जितकी सावकाश वाढतात तितके पट्टे अरुंद आणि रेखीव येतात, आणि म्हणूनच सावकाश पिसे फुटणाऱ्या बार्ड रॉकचे पट्टे धारदार, तर भरभर पिसे फुटणाऱ्या कुकू जातींचे पट्टे पसरट आणि धूसर असतात. जनुक दोन्हीकडे तेच आहे. तेही झेड गुणसूत्रावर असल्यामुळे कोंबड्याकडे त्याच्या दोन प्रती असू शकतात आणि कोंबडीकडे एकच, आणि दोन प्रतींत पांढरे पट्टे रुंद होत असल्याने त्याच कुळातला कोंबडा कोंबडीपेक्षा उजळ दिसतो. काळ्या लवेच्या पिल्लाच्या डोक्यावरचा फिका ठिपका नरात मोठा आणि विस्कटलेला असतो, मादीत लहान आणि आटोपशीर. हे जनुक तपकिरी पट्टे असलेल्या लवेवर आणले तर नर-मादीतला फरक आणखी ठळक होतो, आणि याच तत्त्वावर केंब्रिज येथे रेजिनाल्ड पनेट आणि मायकेल पीज या आनुवंशशास्त्रज्ञांनी पिल्लू जन्मताच लिंग सांगणाऱ्या जाती घडवल्या. त्यांतली लेगबार आजही पाळली जाते. काळा-लाल पक्ष्यावर हेच पट्टे पडले की त्याला क्रेल म्हणतात.

करड्या रंगांविषयी सर्वांत जास्त वाद होतात. ब्लू म्हणून ओळखला जाणारा पारवा-करडा रंग आणि लव्हेंडर हे दुरून सारखेच वाटतात, परंतु त्यांच्यामागची कारणे अगदी निराळी आहेत. ब्लू जनुकाची एक प्रत काळ्याला करडा करते, दोन प्रती त्याला जवळजवळ पांढरा करून त्यावर करड्या-काळ्या रंगाचे शिंतोडे सोडतात, आणि त्या प्रकाराला स्प्लॅश म्हणतात. म्हणून ब्लू कोंबडा आणि ब्लू कोंबडी यांच्या पिल्लांत साधारण पाव काळी, अर्धी ब्लू आणि पाव स्प्लॅश निघतात. सगळी पिल्ले ब्लूच हवी असतील तर काळ्याची स्प्लॅशशी जोडी लावावी लागते. विल्यम बेटसन यांनी १९०२ मध्ये कोंबड्यांच्याच आधारे मेंडेलचे नियम प्राण्यांनाही लागू पडतात हे दाखवले, आणि त्यानंतर बेटसन व पनेट यांच्या कामामुळे अँडलुशियन जातीचा हा ब्लू रंग अपूर्ण प्रभावाचे (एका प्रतीचा परिणाम दोन प्रतींपेक्षा वेगळा, मधला असण्याचे) उदाहरण म्हणून आनुवंशशास्त्रात कायमचा रुजला. लव्हेंडर मात्र अप्रभावी आहे. दोन लव्हेंडर पक्ष्यांची सर्व पिल्ले लव्हेंडरच होतात. पक्षी समोर असताना फरक असा पाहावा: ब्लूच्या पिसाला बहुधा गडद किनार असते आणि कोंबड्याची मान व कमर उरलेल्या अंगापेक्षा गडद असते, तर लव्हेंडर डोक्यापासून शेपटीपर्यंत एकसारखा, फिका आणि बिनकिनारीचा असतो. पक्ष्याच्या अंगावर सोनेरी भागही असेल तर प्रश्नच उरत नाही. ब्लू केवळ काळ्यालाच फिके करते आणि सोनेरीला हात लावत नाही. लव्हेंडर दोन्ही फिके करते, त्यामुळे सोनेरीचा रंग गवताच्या काडीसारखा पिवळट होतो.

तपकिरी पक्ष्यांतही अशीच एक जोडी आहे. चॉकलेट हे झेड गुणसूत्रावरचे अप्रभावी जनुक आहे, तर डन हा, ज्याविषयी पुढे येईल त्या, प्रभावी पांढऱ्याच्याच जनुकाचा एक पर्याय आहे. डनच्या दोन प्रतींत पक्षी फिका खाकी होतो. नुसत्या नजरेने हे दोन तपकिरी वेगळे करणे कठीण असते, आणि पिल्लांचे रंग पाहिल्याशिवाय मी त्यांविषयी मत देत नाही.

पांढऱ्या कोंबडीविषयी लोकांना फारसा प्रश्न पडत नाही, पण मला ती सर्वांत गूढ वाटते, कारण तिच्या पांढऱ्याखाली कोणताही रंग दडलेला असू शकतो. पांढऱ्या लेगहॉर्नचा पांढरा रंग प्रभावी आहे. तो काळ्याला जोरदार अडवतो पण तांबड्याला फारसे अडवत नाही. म्हणून काळा-लाल पक्ष्यावर तो आला की काळ्याच्या जागी पांढरे आणि तांबडे मात्र जागेवर, असा पाइल प्रकार मिळतो. या जनुकाची एकच प्रत असलेल्या पक्ष्यात अधूनमधून काळे डाग डोकावतात. पांढऱ्या प्लायमाउथ रॉकचा पांढरा रंग अप्रभावी असून तो काळे आणि तांबडे दोन्ही पुसतो. पिल्लूपणी त्यांच्या लवेवर कधी कधी धुरकट झाक असते. या दोन प्रकारच्या पांढऱ्या पक्ष्यांची जोडी लावली तर पहिली पिढी पांढरी निघते, पण त्या पिढीतल्या पक्ष्यांच्या आपसांतल्या पिल्लांत दर सोळांत सरासरी तीन रंगीत निघतात. पांढऱ्या आईबापांना रंगीत पिल्ले झाली म्हणून बाहेरच्या कोंबड्यावर संशय घेण्याआधी हे गणित आठवावे.

वय आणि ऋतू यांचा हिशेब न ठेवता केलेले कोणतेही निरीक्षण अपुरे असते. तलंगीच्या अंगावरची पहिली पिसे प्रौढ पिसांसारखी नसतात. लेस्ड जातीच्या पिल्लांत किनारीऐवजी विस्कळीत नक्षी असते आणि खरी किनार प्रौढ पिसे आल्यावरच उमटते. त्यामुळे साधारण सहा महिन्यांच्या आत लेसिंगविषयी निर्णय देऊ नये. झडीच्या आधी जुनी पिसे उन्हाने बदललेली असतात: काळ्यावर तांबूस छटा येते, बफ विटतो, रुपेरीवर पिवळटपणा चढतो. झड डोक्या-मानेपासून सुरू होऊन शेपटीकडे सरकते, म्हणून मध्यावर असलेल्या पक्ष्याची मान ताजी आणि शेपूट जुनी असते, आणि तो दोन रंगांचा भासतो. नर-मादीतला फरकही जातीनुसार कमी-जास्त होतो. सॅमन फेव्हरोलची कोंबडी मलई आणि सॅमन रंगाची, तर तिचा कोंबडा काळ्या छातीचा आणि पिवळट मानेचा असतो. ते दोघे एकाच रंगप्रकाराचे आहेत यावर नवख्या माणसाचा विश्वास बसत नाही. उलट सीब्राइटचा कोंबडा कोंबडीसारखीच गोलाकार टोकांची पिसे धारण करतो आणि दोघांची नक्षी सारखीच दिसते. कोंबडीचा मादीसारखा पिसारा इस्ट्रोजेनमुळे घडतो, त्यामुळे अंडाशय निकामी झालेल्या म्हाताऱ्या कोंबडीला पुढच्या झडीत कोंबड्याची टोकदार पिसे आणि कोंबड्याचे रंग येऊ शकतात.

नावांच्या बाबतीत जात आधी, रंग नंतर हा नियम मी पाळतो. ब्रिटनमध्ये १८६५ साली आणि अमेरिकेत १८७४ साली जातींची पहिली मानके छापली गेली, आणि तेव्हापासून रंगांची नावे जातींना बांधलेली आहेत. वायंडॉटमध्ये पार्ट्रिज म्हणजे समांतर रेघांची कोंबडी, तर दुसऱ्या काही जातींत त्याच नावाची कोंबडी बारीक कणांची आणि सॅमन छातीची असते. असीलमध्ये काळा-लाल पक्षी याकूब म्हणून ओळखला जातो आणि पांढरा नुरी म्हणून. ही नावे असीलपुरतीच खरी आहेत आणि ती दुसऱ्या जातीला चिकटवू नयेत. मिश्र कळपातल्या पक्ष्याला तर कुठलेही प्रमाणित नाव लावू नये. त्याऐवजी मी थरांच्या क्रमाने लिहितो: 'कोंबडी, रानटी तळ, छाती सॅमन, रुपेरी, अंगावर धूसर आडवे पट्टे, काळ्याच्या जागी करडा, पिसाला गडद किनार, म्हणजे ब्लूची एक प्रत.' एवढे वाक्य वाचून दुसरा जाणकार त्या पक्ष्याचे चित्र मनात उभे करू शकतो, आणि त्याची पिल्ले कशी होतील याचा अंदाजही बांधू शकतो.

नोंद ठेवण्यासाठी छायाचित्र ढगाळ प्रकाशात किंवा मोकळ्या सावलीत घ्यावे, कारण भर उन्हात रुपेरी आणि फिका सोनेरी यांतला भेद नाहीसा होतो. एक छायाचित्र बाजूने, एक छातीचे समोरून, एक पंख उघडून, आणि एक कमरेची पिसे बाजूला सारून आतल्या लवेचे, एवढी चार असली की बहुतेक प्रश्न सुटतात. झडलेली पिसे मात्र छायाचित्रापेक्षा अधिक बोलतात. मान, पाठ, छाती, पंख आणि शेपूट या प्रत्येक जागेचे एकेक पीस जाड पांढऱ्या कागदावर चिकटवून शेजारी पक्ष्याचे वय, लिंग आणि झडीचा महिना लिहावा, आणि पुढच्या वर्षी त्याच जागेचे नवे पीस त्याच्या शेजारी लावावे. मॉटल्ड पक्ष्याचे वाढते पांढरे आणि लेस्ड कोंबडीच्या किनारीची बदलती रुंदी अशा कागदावरच मोजता येते.